हवेलीतला गेलेला गट शोधायचा असेल तर: पुणे जिल्हा जनगणना पुस्तिका, 2011

पुणे जिल्हा परिषदेच्या 2017 च्या निवडणुकीत हवेली तालुक्याचे 13 गट, म्हणजे सदस्य निवडून देणारे मतदारसंघ, होते. 2025 च्या रचनेत 6 उरले. जिल्ह्याचा आकडा 75 वरून 73 वर आला, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फक्त 2 गट कमी झालेले दिसतात. खरं तर एकट्या हवेलीने 7 गमावले आणि बाकीच्या तालुक्यांत मिळून 5 वाढले. वाघोली, धायरी, फुरसुंगी, खडकवासला या मोठ्या गावांभोवती उभे असलेले गट आता कुठल्याच चालू यादीत सापडत नाहीत. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला, जुन्या निकालांची तुलना करणाऱ्याला किंवा गावाच्या स्मरणिकेसाठी माहिती जुळवणाऱ्याला हा गेलेला गट पुन्हा मांडावा लागतो: त्यात गावं कोणती होती, माणसं किती होती, आणि ती गावं पुढे गेली कुठे.

या कामासाठी सहज आणि फुकट मिळणारं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे जनगणना कार्यालयाची पुणे जिल्हा जनगणना पुस्तिका. निवडणुकीसाठी ती काढलेलीच नाही. ‘जिल्हा परिषद गट’ हा स्तंभ तिच्यात कुठेच नाही, आणि तरीही तिच्याशिवाय गटाचा इतिहास उभा राहत नाही. 5 पैकी 4 गुण. कापलेला एक गुण कशाचा, ते पुढे येईलच.

पुस्तिका दोन भागांत आहे. ‘अ’ भागात गाव आणि शहर निर्देशिका: प्रत्येक गावाचं हेक्टरमधलं क्षेत्रफळ, घरं, लोकसंख्या, शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, बस, जमिनीचा वापर. गावात सोय नसेल तर ती किती अंतरावर आहे, हे अक्षराने दिलेलं असतं: 5 किलोमीटरच्या आत ‘ए’, 5 ते 10 ला ‘बी’, 10 च्या पुढे ‘सी’. ‘ब’ भागात प्राथमिक जनगणना गोषवारा: गाववार कुटुंबं, स्त्री-पुरुष, 0 ते 6 वयोगटातली मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, मुख्य आणि सीमांतिक (वर्षात 6 महिन्यांपेक्षा कमी) काम करणारे. गटाच्या हिशेबासाठी खरा उपयोग ‘ब’ चा. गट कसा होता, कोणत्या टोकाच्या वाडीला दवाखाना नव्हता, शेती किती आणि बिगरशेती किती, हे सांगायचं असेल तर ‘अ’ उघडावा लागतो.

कामाला लागण्यापूर्वी एका शब्दाचा गुंता सोडवून घ्यावा. मराठीत ‘गट’ म्हणजे किती गोष्टी! कायद्यात जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला ‘निवडणूक विभाग’ म्हणतात आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला ‘निर्वाचक गण’. बोलण्यात त्यांचे ‘गट’ आणि ‘गण’ झाले. पण पुस्तिकेतला ‘सी. डी. ब्लॉक’ हाही मराठीत विकास गट, जनगणनेच्या मोजणीचं सर्वांत लहान एकक म्हणजे प्रगणक गट, दोन-तीन गावांची मिळून एक पंचायत असेल तर ती गट ग्रामपंचायत, आणि सातबाऱ्यावरचा तो गट नंबर. जुन्या कागदात नुसतं ‘गट’ दिसलं की यातला कोणता, हे आधी ठरवायचं. पुस्तिकेतला ‘हवेली ब्लॉक’ म्हणजे अख्खा पंचायत समितीचा भाग. त्याचा आकडा एका झेडपी गटाचा समजून घेतला तर पुढची सगळी बेरीज वाया जाते.

पुस्तिका हाडं देते, कणा दुसरीकडून आणावा लागतो. कणा म्हणजे अंतिम गट रचनेची अधिसूचना. तिच्या अनुसूचीत गटाचा क्रमांक, नाव, त्यातले दोन गण आणि प्रत्येक गणात समाविष्ट गावं दिलेली असतात. ही अधिसूचना जिल्हाधिकारी काढतात आणि ती महाराष्ट्र शासन राजपत्राच्या विभागीय पुरवणीत छापली जाते. प्रारूप आणि अंतिम अशा दोन आवृत्त्या असतात. मधल्या काळात हरकती येतात, विभागीय आयुक्तांपुढे सुनावणी होते आणि काही गावं एका गणातून दुसऱ्या गणात जातात. इतिहासासाठी फक्त अंतिम घ्यायची. प्रारूपाच्या प्रती जास्त पसरलेल्या असतात, कारण वर्तमानपत्रांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याच वेळी त्या वाटलेल्या असतात. चूक नेमकी तिथे होते.

अधिसूचना खरी आहे का, हे तपासायला एक सोपी खूण आहे. प्रत्येक गटाचे बरोबर दोनच गण असतात आणि गणांचे क्रमांक जिल्हाभर सलग चालतात. म्हणून 10 व्या गटाचे गण 19 आणि 20, 40 व्या गटाचे 79 आणि 80. हा मेळ बसत नसेल तर हातातली प्रत अर्धवट आहे किंवा दोन वर्षांची पानं एकत्र झाली आहेत.

गटाच्या क्रमांकावर मात्र कधीच विसंबू नये. पुणे जिल्ह्यात क्रमांक उत्तरेला जुन्नरपासून सुरू होतात आणि इंदापूरला संपतात. हवेली मध्ये येते. वरच्या तालुक्यात एक गट वाढला की खालचे सगळे क्रमांक एकेका घराने सरकतात, गावं तीच असली तरी. नावही पुरेसं नाही. पुणे जिल्ह्यात गटाचं नाव बहुधा दोन गणांच्या मुख्य गावांचं जोडनाव असतं, ‘उरुळी कांचन–सोरतापवाडी’ किंवा ‘थेऊर–आव्हाळवाडी’ असं. त्यातलं एक गाव महापालिकेत गेलं की उरलेलं गाव नव्या जोडीदारासह नव्या नावाने येतं. म्हणून गटाची ओळख नावाने नाही, क्रमांकाने नाही, गावांच्या यादीने ठेवायची. पुस्तिकेचं मोल इथेच आहे. तिच्यात प्रत्येक महसुली गावाला 6 अंकी कायम क्रमांक आहे, आणि केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही जनगणनेच्या गावाला तोच क्रमांक मिळतो. नावाचं लेखन बदललं, ग्रामपंचायत वेगळी झाली, तरी क्रमांकाने गाव हुडकता येतं.

प्रत्यक्ष काम असं करावं. एका तक्त्यात अधिसूचनेतली गावं एकाखाली एक उतरवावीत. शेजारी पुस्तिकेतला 6 अंकी क्रमांक, मग ‘ब’ भागातली एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. त्यानंतरचा स्तंभ ग्रामपंचायतीचा. शेवटचा, आणि सर्वांत महत्त्वाचा, ‘पुढे काय झालं’ याचा: महापालिकेत गेलं, नगरपंचायत झाली, की दुसऱ्या गटात गेलं. दोन गणांची बेरीज वेगवेगळी करावी आणि मग गटाची. अधिसूचनेत दिलेल्या लोकसंख्येशी ही बेरीज जुळली पाहिजे, कारण 2017 ची, 2022 ची आणि 2025 ची, तिन्ही रचना 2011 च्या जनगणनेवरच केलेल्या आहेत. एका आकड्याचाही फरक आला तर गाव राहिलंय किंवा दुप्पट धरलं गेलंय.

अंदाजासाठी एक आकडा डोक्यात ठेवावा. 2011 ला पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94,29,408. त्यातली ग्रामीण 36,78,226. तिला 75 ने भागलं तर एका गटाला साधारण 49,000 आणि एका गणाला 24,500 येतात. तुमच्या गटाची बेरीज 20,000 किंवा 90,000 आली तर आधी स्वतःचा तक्ता तपासा. प्रत्यक्षातली सरासरी या आकड्यापेक्षा थोडी वर असते, आणि त्याचं कारण पुस्तिकेतली सर्वांत मोठी खोच आहे.

ती खोच म्हणजे जनगणना शहर. ज्या गावाची लोकसंख्या 5,000 च्या वर, दर चौरस किलोमीटरला 400 किंवा जास्त माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के तरी शेतीबाहेर, त्या गावाला जनगणना ‘शहर’ म्हणते. तिथे ग्रामपंचायत असली तरी. असं गाव पुस्तिकेच्या ग्रामीण यादीत नसतं, ते शहरांच्या तक्त्यात ‘सी. टी.’ या खुणेने असतं. हवेलीत खडकवासला आणि देहू, पुरंदरमध्ये नीरा ही अशी उदाहरणं. कारभार ग्रामपंचायतीचा, मतदान झेडपीला, पण नोंद शहरात. ग्रामीण यादीत खडकवासला सापडलं नाही म्हणून ते 2011 सालीच महापालिकेत होतं, असा निष्कर्ष काढणारे लेख दिसतात. ते चूक आहे. हवेलीसारख्या शहराला चिकटलेल्या तालुक्यात काम करताना शहरी तक्ता उघडल्याशिवाय बेरीज पूर्ण झाली असं मानूच नये.

याच्या जोडीला तालुक्यांची मोजणी. पुस्तिकेत पुणे जिल्ह्याचे 14 तालुके आहेत, जिल्हा परिषदेच्या यादीत 13. कमी असलेला तो पुणे शहर तालुका. त्याला ग्रामीण भाग नाही, म्हणून गटही नाही.

आता तो कापलेला गुण. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि अधिसूचना मराठीत. नावं जुळवताना सर्वांत जास्त वेळ जातो तो इथे. बुद्रुक आणि खुर्द यांची ‘बीके’ आणि ‘केएच’ अशी आखूड रूपं छापलेली असतात. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द यांची अदलाबदल झाली तरी डोळ्याला कळत नाही, बेरजेला कळते. ‘व’ कधी एका इंग्रजी अक्षराने, कधी दुसऱ्याने. आव्हाळवाडी आणि खडकवासला शोधताना दोन्ही लेखनं घालून पाहावीत. काही नावांपुढे ‘एन. व्ही.’ असतं, म्हणजे नवं गाव: आधीच्या मोठ्या गावातून महसुली नोंदीत वेगळं निघालेलं. असं गाव मागच्या जनगणनेत शोधायचं तर मूळ गावाच्या नावाखाली शोधावं लागतं. लोकसंख्येच्या जागी शून्य दिसलं तर ते बेचिराख गाव असू शकतं, छपाईची चूक नव्हे. अधिसूचनेत ते आलं नसेल तरी यादीत ठेवावं, कारण हद्द काढताना त्याची जमीन लागते.

गावं गेली कुठे, या शेवटच्या स्तंभासाठी हवेलीचा हद्दवाढीचा क्रम माहीत हवा. 1997 साली पुणे महापालिकेत 38 गावं घेतली गेली. लोकांचा विरोध झाला आणि 2001 साली त्यातली काही पूर्ण, काही अंशतः वगळली गेली. म्हणजे काही गावं झेडपीतून गेली आणि परत आली. पुढे न्यायालयीन लढाईनंतर 4 ऑक्टोबर 2017 ला 11 गावं आली. त्यात धायरी, उंड्री, शिवणे, आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द, फुरसुंगी, उरुळी देवाची आणि लोहगाव, मुंढवा, हडपसर यांचा उर्वरित भाग. या तारखेकडे नीट पाहा. जिल्हा परिषदेचं मतदान 21 फेब्रुवारी 2017 ला झालं होतं. ज्या गटासाठी मतं पडली, त्याचं काही क्षेत्र 8 महिन्यांच्या आत जिल्हा परिषदेच्या बाहेर गेलं. 2017 च्या गटाचा इतिहास लिहिताना हा मुद्दा सुटला तर सगळी पुढची माहिती बिनबुडाची होते.

मग 30 जून 2021 ला आणखी 23 गावं आली: वाघोली, मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, पिसोळी, होळकरवाडी, भिलारेवाडी, मांगडेवाडी वगैरे. ही 23 च्या 23 हवेलीतून वजा करू नयेत. म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक मुळशी तालुक्यातली आहेत, ती मुळशीच्या गटांतून जातात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची गोष्ट आणखी वेगळी. ती महापालिकेतून पुन्हा बाहेर निघाली, पण झेडपीत परतली नाहीत. त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. देहूची नगरपंचायत झाली. प्रत्येक गावापुढे तारीख आणि वाट दोन्ही लिहावीत. नुसतं ‘शहरात गेलं’ एवढ्याने भागत नाही.

‘उर्वरित’ या शब्दासाठी एक वेगळी खबरदारी. लोहगाव किंवा हडपसर या नावाची दोन रूपं असतात, एक महापालिकेच्या प्रभागातलं आणि एक ग्रामीण. गटाच्या बेरजेत फक्त ग्रामीण नोंद घ्यायची. महापालिकेच्या प्रभागातला हडपसरचा आकडा चुकून आला तर गट फुगून दुप्पट होतो.

आणखी एक सापळा आहे आणि तो सध्या सर्वांत जास्त लोकांना अडकवतो. 2022 साली सदस्यसंख्येची मर्यादा 50 ते 75 वरून 55 ते 85 केली गेली आणि त्यानुसार पुणे जिल्ह्यात 82 गटांची रचना झाली. त्याच वर्षी कायदा पुन्हा बदलला आणि मर्यादा पूर्ववत 50 ते 75 आली. त्या 82 गटांवर एकदाही मतदान झालं नाही. कागद मात्र फिरतच राहिले: नकाशे, याद्या, बातम्या. गटाचं नाव 2022 च्या कागदात सापडतं आणि 2017 च्या निकालात सापडत नाही, असं झालं तर गोंधळून जाऊ नये; तो गट कधी अस्तित्वात आलाच नाही. सदस्यांची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे प्रशासक आले, म्हणून 2017 च्या गटांचं आयुष्य तिथेच संपतं. नोंद करताना ‘2017 ते 2022’ असं लिहिणं बरोबर.

पुस्तिका काय देत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. कोण निवडून आलं, कोणाला किती मतं, जागा कोणासाठी राखीव, यातलं काहीच तिच्यात नाही. पण आरक्षणाचा अर्थ लावायला ती उपयोगी पडते. अनुसूचित जाती आणि जमातीच्या जागा गटातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात, म्हणून ‘ब’ भागातले दोन स्तंभ जोडून तुमचा गट जिल्ह्यात कितवा येत होता हे काढता येतं. इतर मागास प्रवर्ग आणि महिलांच्या जागा सोडतीतून आणि आधीच्या निवडणुकांचं आरक्षण पाहून ठरतात, त्या गणिताने सांगता येत नाहीत. त्यासाठी आरक्षणाची अधिसूचनाच लागते. महिलांसाठीचं प्रमाण आधी एक तृतीयांश होतं आणि 2011 पासून निम्मं झालं, हे ध्यानात ठेवून जुने कागद वाचावेत. 2025 च्या नव्या नियमांनी चक्रानुक्रम (राखीव जागा आळीपाळीने फिरवण्याचा क्रम) पहिल्यापासून सुरू धरला, त्यामुळे 2017 चं आरक्षण पाहून पुढचं सांगण्याची जुनी पद्धत तिथे लागू होत नाही.

अंतिम अधिसूचना आणि नकाशा ऑनलाइन मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम मागू नये. ‘2017 च्या निवडणुकीसाठी हवेली तालुक्यातील निवडणूक विभाग व निर्वाचक गणांची अंतिम अधिसूचना, अनुसूचीसह’ इतकं नेमकं लिहावं. नकाशा वेगळ्या अर्जात. प्रती पानाला 2 रुपये, मोठ्या आकाराच्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘निवडणूक विभाग’ हा कायद्यातला शब्द वापरणं फार महत्त्वाचं, ‘गट’ लिहिलं तर अर्ज भलत्या शाखेत जाऊ शकतो.

2017 च्या मागे जायचं असेल तर जुन्या पुस्तिका लागतात. जिल्हा जनगणना पुस्तिकांची मालिका 1951 पासून आहे आणि राज्यातल्या जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला सुरू झाल्या, म्हणजे पहिल्या निवडणुकीपासूनचा काळ या मालिकेत बसतो. अडचण क्रमांकांची: 2001 ला गावाचा क्रमांक 8 अंकी होता, 2011 ला 6 अंकी झाला. 2011 च्या पुस्तिकेतल्या वर्णानुक्रम यादीत दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी दिले आहेत, त्या यादीतून पूल बांधता येतो. त्याआधीच्या पुस्तिकांत गावाची ओळख तालुक्यातल्या अनुक्रमाने, तिथे नावावरच भिस्त ठेवावी लागते. 1997 ते 2001 या काळात आत-बाहेर झालेल्या गावांसाठी 2001 ची पुस्तिका एकटी पुरत नाही. 1991 आणि 2011 तिच्या दोन्ही बाजूंना ठेवूनच निर्णय घ्यावा.

जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून दोन्ही भाग पीडीएफ स्वरूपात उतरवता येतात. एकच घ्यायचा झाला तर ‘ब’ घ्या, त्यातला शहरी तक्ता न वगळता. प्राथमिक गोषवारा एक्सेलमध्येही मिळतो. बेरजेसाठी तोच वापरा. छापील पानावरून हाताने आकडे उतरवताना दशलक्ष पद्धतीचे स्वल्पविराम आणि आपले लाखाचे स्वल्पविराम यांची गल्लत होते, आणि एका शून्याची चूक शोधायला अख्खा गट पुन्हा तपासावा लागतो.